उंची: उणे बावीस फूट

नोंदणीच्या फॉर्मात पहिला रकाना, इमारतीचे नाव.
मी लिहिलं: पेव.
दुसरा, मजले. तिथं पेन अडलं.
छप्पर नाही. भिंत म्हणावी तर तीच जमीन.
दार म्हणजे नुसतं तोंड, खांदे चोरून उतरावं एवढं,
आणि खाली पोट,
दोनशे पोती हळद गिळून
वर्षानुवर्षं गप्प बसणारं.

हरिपूरच्या रस्त्याला, संगमाच्या अलीकडे
सुकुमार चौगुल्यांचा दीड एकराचा तुकडा.
चुन्याच्या रेघा मारून झाल्यात.
"काय न्हाई हो तिथं," ते फोनवर म्हणाले,
"नुस्ती भोकं हायत. मुरूम टाकला की झालं."

बाबालाल नदाफ मात्र पायताण काढून आले.
वय एकोणऐंशी, खिशात हमालीचा जुना बिल्ला.
टाचेनं जमीन ठोकत निघाले,
बाजारात कलिंगड ठोकून बघावं तसं.
भद्द. भद्द. भद्द.
मग एका जागी जमिनीनं आतून हुंकार दिला.
"ही बारा नंबर," ते म्हणाले,
आणि मला उगाच वाटलं, कुणीतरी हजेरी दिली.

आधी कंदील सोडायचा.
विझला तर माणूस सोडायचा नाही.
"माझ्या चुलत्यानं एकदा घाई केली."
पुढं ते बोलले नाहीत.
माझ्याकडं त्यासाठी रकाना नव्हता.

शिडीनं उतरले. टेप, बॅटरी, नाकात जुनी हळद.
भिंतीवर कुदळीचे घाव, सगळे एका अंगाला कललेले,
पाऊस वाऱ्यानं तिरपा पडावा तसे.
फक्त उत्तरेकडं दोन हात रुंदीत ते उलटे.
कोणीतरी डावखुरा होता.
ना शिलालेख, ना ताम्रपट,
तरी तो मला ओळखीचा वाटला.
त्याच्या वर, हात पुरेल तिथं, पुराची रेघ.

"इथंच का खणलं?" मी खालूनच ओरडून विचारलं.
तोंडाच्या गोल उजेडात त्यांचं डोकं आलं.
"माती घट्ट. चढ हाय. पाणी कुठवर येतंय
ते जुन्या लोकांनी नदीला इचारून ठेवलं हुतं.
दोन हजार पाचला नदीनं जबाब बदलला."
त्या पावसाळ्यात रात्री पेवं बसत गेली, एकामागं एक.
धप्प आवाज आला की घरातली माणसं
न बोलता बोटं मोडायची.

वर आले तेव्हा नखांत पिवळं.
मला एकच विचारायचं राहिलं होतं:
एवढी माती काढली, ती गेली कुठं?
बाबालालांनी मान फिरवली, सावकाश,
चिंचेखालचा पार. पलीकडचा बांध.
तालमीची भुई. नदाफ गल्लीतल्या भिंती,
त्यांच्या स्वतःच्या चुलीचं जोतं.
"निम्मं गाव हितनंच वर आलंय," म्हणाले.
मी टेप गुंडाळायची थांबले.
म्हणजे पेव बुजवायचं
तर आधी घरं परत मागावी लागतील.

चहाच्या टपरीवर पेपर पडला होता:
शहराभोवती प्लॉटिंगचे पेव फुटले.
त्यांनी अक्षर अक्षर लावून वाचलं, बशी ओठाला तशीच.
"फुटलं कुठं?" हसले. "बुजलं की."

रात्री ऑफिसात फॉर्म भरला.
साहित्य: माती, शेण, उसाचा पाला.
कारागीर: अनेक, पैकी एक डावखुरा.
उंची: उणे बावीस.
संगणकानं उण्याचं चिन्ह घेतलं नाही.
तीनदा दाबलं.

सरकारी यादीत आता हरिपुरात
बावीस फूट उंचीची एक इमारत उभी आहे.
चौगुले परवा विचारत होते, कुठाय ती,
त्यांच्या प्लॉटावर सावली तर पडणार नाही?